सारवेनमध्ये वाढलेली मुलगी

चष्म्याच्या दुकानातल्या बाईंना आज त्या रस्त्यावर सगळे ओळखतात. नंबर काढण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कोणी नाही. समोरच्याच्या डोळ्यांवर चाचणीची जड फ्रेम चढवायची, खटाखट भिंगं बदलायची, आणि "आता बरं की मघाशी बरं?" एवढंच विचारायचं. जास्तीचं बोलणं नाही. नवीन गिऱ्हाइकाला वाटतं, बाई जरा तुसड्या आहेत. जुनी माणसं मात्र आपसात त्यांना अजून 'मुकी' म्हणतात. हे नाव त्यांना शाळेच्या पहिल्या वर्षी पडलं आणि त्याला जबाबदार होते त्यांचे वडील.

वडीलही चष्मेवालेच. दुकान त्यांचंच. माणूस हुशार, वाचनाचा नादी, कामात चोख. दिवसभर लोकांना भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावता लावता त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. लोक अक्षरं चुकतात ती वाटेल तशी चुकत नाहीत. ठरावीक अक्षराच्या जागी ठरावीकच दुसरं अक्षर वाचतात, कारण मुळात ती अक्षरंच एकमेकांची सख्खी भावंडं असावीत तशी दिसतात. त्यांना वाटलं, यात दोष डोळ्यांचा नाही, लिपीचा आहे. मग त्यांनी स्वतः अक्षरं काढायला घेतली. प्रत्येक अक्षराचा नुसता ढोबळ आकारच वेगळा: एक उभं, एक आडवं, एक पोट सुटलेलं, एक मधोमध फुटलेलं. धुरकट काचेतून पाहिलं तरी एकाच्या जागी दुसरं वाचता येऊ नये. स्वर म्हणजे अक्षराला अडकवलेले आकडे, डावीकडे आखूड, उजवीकडे लांब.

इथवर ठीक होतं. एखाद्याला टपाल तिकिटांचा नाद असतो, एखाद्याला कबुतरांचा. पण नवी लिपी झाल्यावर तिच्यात जुनी भाषा लिहिणं त्यांना जिवावर आलं. नव्या कोऱ्या भांड्यात शिळं वाढल्यासारखं वाटायचं म्हणे. म्हणून त्यांनी भाषाही केली. तिचं नाव सारवेन.

सारवेनमध्ये लिंग नव्हतं, अनेकवचन नव्हतं, अपवाद तर औषधालाही नव्हता. पण एक अट होती, आणि त्या अटीचा त्यांना फार अभिमान होता. क्रियापदाला शेपूट लावल्याशिवाय वाक्य पुरं व्हायचं नाही. जे सांगतोय ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल तर शेवटी 'ना', दुसऱ्याकडून ऐकलं असेल तर 'वो', आणि खुणांवरून ताडलं असेल तर 'शे'. लिहिताना हे शेपूट ओळीच्या खाली यायचं. ते त्याला 'पाय' म्हणायचे. "ज्या वाक्याला पाय नाही ते वाक्य उभं राहत नाही," असं दुकानात आलेल्या माणसाला ऐकवायचे. माणूस बिचारा दांडी ढिली झाली म्हणून आलेला असायचा.

त्यांना वाटे, अशी भाषा लोक बोलू लागले तर अर्ध्या चुगल्या आणि अर्धी भांडणं आपोआप मिटतील. विचार वाईट नव्हता. वाईट झालं ते पुढे.

मुलगी झाली तेव्हा त्यांनी ठरवलं की हिला पहिल्या दिवसापासून सारवेनच ऐकवायची. भाषा कागदावर असली की तिला लोक खेळ समजतात, कोणाची तरी मायबोली झाली की तिला कोणी हसू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. तिची आई डब्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची. तिला ही नवी भाषा जमेना. तिने खटपट केली, पण थकून आल्यावर पाहिलं की ऐकलं की ताडलं, याचा हिशोब तिच्या डोक्यात बसेना. ती चुकली की वडील चिडत. शेवटी त्यांनी तोडगा काढला: मुलीच्या कानावर भेसळ नको, तेव्हा शाळेत जाईपर्यंत तू तिच्याशी बोलूच नकोस. आईने ऐकलं. नवरा शिकलेला, पुस्तकं वाचणारा, त्याला काहीतरी कळत असणार असं तिला वाटलं. सहा वर्षं ती माउली लेकीला न्हाऊ घालायची, भरवायची, थोपटून निजवायची, आणि तोंडातून शब्द काढायची नाही. अगदीच राहवलं नाही तर ओठ मिटून गुणगुणायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा.

मुलगी दिवसभर वडिलांबरोबर दुकानात असायची. काउंटरमागे एका खोक्यावर बसून भिंगांच्या कडा घासायच्या चाकाकडे बघत राहायची. गिऱ्हाइकांचं बोलणं तिला हळूहळू कळू लागलं, पण ते आपल्यासाठी नाही, असं तिला वाटे. आपलं म्हणजे बाबांचं. आणि बाबांशी ती भरभरून बोलायची. त्या भाषेत ती खेळली, रुसली, खोटं बोलली, पकडली गेली. खोटं बोलणं फार अवघड होतं, कारण नुसतं खोटं सांगून भागत नव्हतं, ते आपण स्वतः पाहिलं असं वर शेपूट लावावं लागायचं.

ती सहा वर्षांची असतानाची एक संध्याकाळ. आई कामावरून आली, चप्पल काढली, लेकीकडे बघून हसली आणि स्वयंपाकघरात गेली. मुलगी वडिलांना म्हणाली, "एमा दालूम."

एमा म्हणजे आई. दालो म्हणजे रडणं. पण 'ऊम' असं शेपूट सारवेनमध्ये नव्हतंच.

वडिलांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि तिची उलटतपासणी घेतली. तू तिला रडताना पाहिलंस? नाही. कोणी सांगितलं? नाही. डोळे लाल होते, नाक ओढत होती? तेही नाही. मग तुला कसं माहीत? मुलीला सांगता येईना. तिला माहीत होतं, एवढंच. पाहिलेलं नव्हतं, ऐकलेलं नव्हतं, ताडलेलंही नव्हतं, आणि तरी खरं होतं. अशा गोष्टीसाठी तिच्याजवळ शेपूट नव्हतं, म्हणून तिने एक बनवलं होतं. पाटीवर त्याला पायही काढला होता: वर्तुळ, आणि त्याच्या मधोमध ठिपका.

वडिलांनी पाटीवरचं ते वर्तुळ अंगठ्याने पुसलं. म्हणाले, अशी माहिती जगात नसते. नीट बोल.

जगात जो एकमेव जीव त्यांची भाषा आईच्या दुधासारखी प्यायला होता, त्याला ती भाषा येत नाही असा निकाल त्यांनी तिथल्या तिथे दिला. तिने आणखीही काही गोष्टी केल्या होत्या. लांबलचक शब्द तोडून आखूड केले होते, दोन शब्दांचा एक केला होता, जसं कुठलंही पोर करतं. प्रत्येक वेळी बाबा थांबवायचे. "परत. नीट."

आई त्या संध्याकाळी खरंच रडून आली होती. हे मुलीला कळलं ते ती स्वतः आई झाल्यावर. त्या काळात मी रोज जिन्यात थांबायचे, तोंड पुसायचे आणि मग वर यायचे, असं आईने एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं. दुसऱ्याच्या पोरांशी वाटेत चार शब्द बोलता येत होते, स्वतःच्या पोरीशी नाही, म्हणून.

मग शाळा आली. वर्गात मुलगी तोंड उघडेना. बाईंनी विचारलेलं तिला कळायचं, उत्तरही यायचं, पण यायचं ते सारवेनमध्ये. पहिल्याच दिवशी तिने ते मोठ्याने दिलं आणि अख्खा वर्ग हसून लोळला. तिने कानाला खडा लावला. वर्षभर ती गप्प राहिली आणि मुलांनी तिचं नाव मुकी ठेवलं. पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, असा शाळेने निरोप धाडला होता. आईने त्या दिवशी पहिल्यांदा नवऱ्यावर आवाज चढवला आणि त्याच रात्रीपासून लेकीशी बोलायला लागली. पण इतक्या वर्षांचं गप्प राहणं एका रात्रीत कसं मोडणार. दोघी एकमेकींशी पाहुण्यांसारख्या बोलायच्या. तुला आणखी भात हवा का. नको, पुरे. बरं.

दुकानाच्या वरच्या खोलीत दर रविवारी सारवेनचं मंडळ जमायचं. टपालखात्यातले एक निवृत्त कारकून, भूमिती शिकवणाऱ्या एक बाई, आणि पुढच्या चौकातले दाताचे डॉक्टर. आणखी दोघं-तिघं येऊन-जाऊन असत. मुलीला मधोमध स्टुलावर बसवायचे आणि बोलायला सांगायचे. ती बोलायची, ते टिपून घ्यायचे. भूमितीच्या बाई व्याकरणाचं पान उघडून बसायच्या आणि मुलगी चुकली की बोट वर करायच्या. आयुष्यात सारवेनमध्ये साधं पाणी न मागितलेली माणसं तिला तिची भाषा शिकवत होती. उंटावरून शेळ्या हाकणं दुसरं काय असतं.

तरी तिला रविवार आवडायचा. शाळेत गिळून टाकलेलं सगळं तिथे बोलता यायचं, आणि मंडळी गेल्यावर बाबा खूश असायचे. त्या संध्याकाळी ते तिला सारवेनमध्ये गोष्ट सांगायचे. गोष्टीत शेपूट कोणतं लावायचं, हा त्यांना कायम प्रश्न पडे. गोष्ट मनाने रचलेली, ना पाहिलेली, ना ऐकलेली. मग ते हसून म्हणायचे, "चल, पाहिलेलीच समजू." तेवढी एकच सूट त्यांनी उभ्या आयुष्यात दिली.

मुलगी चौदा वर्षांची झाली तेव्हा दाताच्या डॉक्टरांनी विषय काढला. त्यांचं म्हणणं असं की एवढ्या वर्षांत भाषा शिकणारे दहासुद्धा झाले नाहीत. शेपटं लोकांना झेपत नाहीत, आणि ओळीखालचे पाय छापता येत नाहीत. शेपटं काढा, अवघड शब्द बदला, लिपी छापखान्याला सोसेल अशी करा, बाकी पुस्तकाचं मी बघतो. बाहेरगावी त्यांच्या ओळखी होत्या, शाखा निघतील म्हणाले. दोन-तीन रविवार वाद झाला. मुलीला खात्री होती की बाबा या माणसाला जिना दाखवणार. ज्या शेपटांपायी त्यांनी आईचं तोंड बंद ठेवलं, ती ते सोडतील कशी?

त्यांनी सोडली. तिसऱ्या रविवारी हात वर करून मत घेतलं, त्यात पहिला हात बाबांचा होता. मुलगी स्टुलावरच बसलेली होती. तिचं मत कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवताना तिने नेहमीसारखं सारवेनमध्ये काहीतरी सांगितलं. शाळेतलंच, किरकोळ. बाबा म्हणाले, "आता तसं म्हणायचं नाही. ते जुनं झालं."

"मग कसं म्हणायचं?"

त्यांनी नव्या पद्धतीने म्हणून दाखवलं. शेपूट नाही, अर्धे शब्दही बदललेले. मुलीने ऐकून घेतलं आणि जेवण पुरं केलं. त्यानंतर ती वडिलांशी गल्लीतल्या सगळ्यांच्या भाषेत बोलू लागली, आणि तीही कामापुरती. बाबांच्या ते लगेच लक्षात आलं का, हे सांगता येत नाही. त्यांच्यापुढे पुस्तकाचं काम होतं. आईच्या मात्र लक्षात आलं. तिला वाटलं पोरगी अखेर सुधारली, आणि तिने सुटकेचा श्वास सोडला. तिला तरी दोष कसा द्यायचा.

पुस्तक निघालं. शाखा निघाल्या. दुरून पत्रं येऊ लागली आणि बाबा त्यांतच बुडाले. दुकानात गिऱ्हाईक ताटकळू लागलं, तशी शाळा संपताच मुलगी काउंटरमागे उभी राहिली. चाक चालवायला ती बघून बघूनच शिकली होती. पुढे भिंगं पुरवणाऱ्या कंपनीचा एक विक्रेता तिच्याशी लग्न करून त्याच घरात राहायला आला. मनाने सरळ गडी, थोडा गप्पिष्ट. बायको कमी बोलते, याचा त्याला त्रास नव्हता. तो दोघांचं मिळून बोलायचा.

मुलगा झाला तेव्हा दाईने बाळ तिच्या कुशीत ठेवलं आणि तिच्या ओठांवर आपोआप शब्द आले. गोड, आखूड, तिने स्वतःच तोडून लहान केलेले शब्द. सगळे सारवेनचे. जुन्या सारवेनचे. ती चपापली आणि ओठ घट्ट मिटले. मग नवऱ्याच्या तोंडचे, शेजारणींच्या तोंडचे शब्द आठवून आठवून बाळाशी बोलली. उसन्या कपड्यात घरभर वावरल्यासारखं. मुलाला ते कधी कळलं नाही. तो छान बडबड्या निघाला, शिकला आणि नोकरीला दुसऱ्या शहरात गेला.

बाबा ऐंशीला टेकले आणि अंथरुणाला खिळले, तेव्हाची गोष्ट. विद्यापीठातून एक संशोधक आला. बनवलेल्या भाषांवर त्याचं काम होतं. सारवेनच्या पहिल्या व्याकरणाची जुनी प्रत त्याने कुठूनतरी मिळवली होती, ती घोकून पाठ केली होती, आणि मंडळाकडून त्याला कळलं होतं की ही भाषा जन्मापासून बोललेली एक बाई हयात आहे. बाईंनी पहिल्यांदा त्याला सरळ नाही म्हटलं. तो परत आला. आई म्हणाली, "अगं, बोल की त्याच्याशी. एवढ्या लांबून येतोय बिचारा." तेव्हा त्यांनी होकार दिला. खरं सांगायचं तर आईमुळे नाही. कोणीतरी आपल्याशी त्या भाषेत बोलणार, या कल्पनेनेच त्यांना आदल्या रात्री झोप आली नव्हती.

संशोधकाने टेबलावर रेकॉर्डर ठेवला आणि जुन्या सारवेनमध्ये विचारलं, तुम्ही कशा आहात. उच्चार पुस्तकी होते, पण शेपूट बरोबर होतं. बाईंचे डोळे भरून आले. आधी जीभ अडखळली, मग सैल झाली. त्या भिंगांच्या चाकाबद्दल बोलल्या, स्टुलाबद्दल बोलल्या, जिन्यात थांबणाऱ्या आईबद्दल बोलल्या. किती तरी वेळ बोलल्या. तो मान डोलवत होता, पण त्याचं डोलवणं हळूहळू मंद होत गेलं. शेवटी त्याने हात वर करून त्यांना थांबवलं आणि लोकांच्या भाषेवर आला.

"माफ करा, तुम्ही मधून मधून 'ऊम' असा शेवट करता. तो व्याकरणात नाही."

"व्याकरणात नाही. पण मी तसंच बोलते."

"आणि काही शब्दही मूळ रूपात येत नाहीत." तो सौजन्याने हसला. "इतकी वर्षं सवय नाही, साहजिक आहे. मी त्यांची चुकांमध्ये वेगळी नोंद करीन. तुम्ही सावकाश, मूळ रूपं आठवून बोललात तर बरं होईल."

बाईंनी सावकाश, मूळ रूपं आठवून आणखी चार वाक्यं म्हटली. मग डोकं दुखतंय म्हणाल्या आणि त्याला निरोप दिला. त्याने वाकून आभार मानले. तो वाईट माणूस नव्हता.

आतल्या खोलीत बाबा टक्क जागे होते. मधलं दार उघडंच होतं. बाई त्यांच्या उशाशी जाऊन बसल्या.

"ऐकलंत ना सगळं?"

"ऐकलं."

"कळलं?"

"कळायला काय झालं? तेव्हाही तुला सांगितलं होतं, ते चालत नाही."

म्हणजे त्यांना आठवत होतं. पाटी आठवत होती, वर्तुळ आठवत होतं. इतकी वर्षं बाईंची समजूत होती की म्हातारा विसरला, त्याच्या लेखी ती एक साधी संध्याकाळ होती.

"बाबा, मी सहा वर्षांची होते. दुसरी भाषा नव्हती मला. तुमच्या भाषेत मावत नव्हतं म्हणून मी केलं ते."

म्हाताऱ्याने नजर छताकडे वळवली. बाईंना वाटलं, आता काहीतरी म्हणेल. निदान त्या जुन्या शब्दांत एखादी हाक मारेल.

"तुला मोकळं सोडलं असतं," ते म्हणाले, "तर ती भाषा माझी राहिली नसती."

एवढं बोलून त्यांनी पाणी मागितलं. बाईंनी पाजलं. उशी सारखी केली, दार ओढून घेतलं आणि खाली येऊन दुकान उघडलं. एका म्हातारबुवांची बायफोकल तयार व्हायची होती.

त्याच वर्षी बाबा गेले. मंडळाने एका सभागृहात शोकसभा ठेवली. बाहेरगावच्या शाखांतूनही माणसं आली होती. बाईंना जायचं नव्हतं, पण आईला एकटीला पाठवणं बरं दिसेना. दोघींना पहिल्या रांगेत बसवलं. भाषणं सगळी सारवेनमध्ये, नव्या. बाईंना त्यातलं निम्मंशिम्मं कळत होतं. आई हातातला रुमाल चाळवत प्रत्येक बोलणाऱ्याच्या तोंडाकडे लक्ष देऊन बघत होती, जसं आयुष्यभर बघत आली होती.

शेवटी दाताचे डॉक्टर उठले. खूप म्हातारे झाले होते, पण आवाज खणखणीत होता. त्यांनी संस्थापकांची थोरवी सांगितली. मग म्हणाले की थोर माणसाची थोरवी आपली चूक ओळखण्यात असते. पहिली सारवेन सदोष होती. इतकी सदोष की पाळण्यापासून तीच ऐकत वाढलेल्या मुलीलासुद्धा ती कधी धड बोलता आली नाही. हे स्वतःच्या घरात रोज पाहिलं म्हणूनच त्यांनी ती मोडून नवी उभारण्याचं धैर्य दाखवलं. आपण सर्वांनी त्या मुलीचे आभार मानले पाहिजेत, असं म्हणून डॉक्टरांनी पहिल्या रांगेकडे हात केला. सगळ्या सभागृहाने वळून पाहिलं.

आई लेकीच्या कानाशी लागली. "तुझ्याबद्दल बोलतायत का गं? काय म्हणतायत?"

"चांगलं म्हणतायत," बाई म्हणाल्या.

आईचा चेहरा उजळला. तिने डॉक्टरांकडे पाहून मान लववली. टाळ्या सुरू झाल्या होत्या. आईनेही रुमाल मांडीवर ठेवला आणि त्या थांबेपर्यंत वाजवत राहिली.